हळदीतली भेसळ एनआयआरवर: चाचणीत ७२ पैकी ७२ बरोबर, पण नवा माल आला आणि मॉडेल चुकलं

हळकुंड
नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण चूक नक्की कुठे झाली ते मलाच उमगलेलं नाही.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि गेली चार वर्षं सांगलीजवळ हळद दळून पॅक करणाऱ्या एका छोट्या युनिटची लॅब सांभाळते. गेल्या वर्षी मालकांनी हातात धरायचा एनआयआर (निकट-अवरक्त प्रकाशाचं शोषण मोजणारा) स्पेक्ट्रोमीटर घेतला, ९०० ते १७०० नॅनोमीटरचा. बाहेरून तयार पूड येते तिच्यात तांदळाचं पीठ मिसळलंय का, हे दारातच कळावं एवढी अपेक्षा होती.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मी वेगवेगळ्या अडत्यांकडून हळकुंडं आणून स्वतः दळली आणि ४० शुद्ध नमुने केले. जुलैमध्ये एका डब्यातली शुद्ध पूड घेऊन तिच्यात ५, १०, १५ आणि २० टक्के तांदळाचं पीठ घातलं. प्रत्येकी १० असे ४० नमुने झाले. प्रत्येक नमुना तीनदा स्कॅन केला, म्हणजे एकूण २४० स्कॅन. पीसीएच्या (नमुन्यांमधले सर्वात मोठे फरक काढणारी संख्याशास्त्रीय रीत) आलेखात दोन वेगळे पुंजके इतके स्वच्छ दिसले की मी त्याचा फोटो भिंतीवर लावला. मग पीएलएसवर (आलेख आणि ‘शुद्ध/भेसळ’ हे लेबल यांचा संबंध शोधणारी रीत) वर्गीकरणाचं मॉडेल केलं. यादृच्छिक ७० टक्के शिकवायला, ३० टक्के तपासायला. ७२ पैकी ७२ बरोबर.

ऑगस्टमध्ये एका महिला बचत गटाची २०० किलो पूड आली. मॉडेलने पाचही पोत्यांना भेसळ म्हटलं. मी अहवालावर सही केली आणि माल परत गेला. त्या बायका टेम्पोचं भाडं भरून आल्या होत्या आणि तेच भाडं पुन्हा भरून गेल्या. नंतर मला राहवेना, म्हणून बाजूला ठेवलेला नमुना बाहेरच्या लॅबला पाठवला. कर्क्युमिन (हळदीचं पिवळं रंगद्रव्य) ३.४ टक्के, एकूण स्टार्च मर्यादेत, राखही मर्यादेत. पीठ घातल्याचं काहीही लक्षण नाही.

मॉडेल कुठे फसलं? आणि ते दुरुस्त होईल, की यंत्रच या कामाचं नाही?

लोलक
दोन गोष्टी सांगा. शुद्ध नमुन्यांचा, भेसळ नमुन्यांचा आणि बचत गटाच्या पुडीचा ओलावा किती होता? आणि पीसीएच्या पहिल्या घटकाचं लोडिंग (त्यात प्रत्येक तरंगलांबीचा वाटा किती ते) कुठल्या तरंगलांबीला सगळ्यात वर जातं?

हळकुंड
ओलावा वहीत आहे. मार्चचे शुद्ध ७ ते ८ टक्के. जुलैचे भेसळवाले ९.५ ते १०.५. बचत गटाची पूड ९.६ (मर्यादा १० आहे, म्हणजे त्यांचं काही चुकलेलं नव्हतं). लोडिंगचं टोक १४४५ नॅनोमीटरच्या आसपास आहे.

हे आकडे एका ओळीत लिहिले आणि पोटात गोळा आला.

लोलक
१४५० म्हणजे पाणी. सिद्ध करायला एक रात्र पुरेल. मार्चच्या शुद्ध पुडीतले सहा नमुने पसरट बशीत घालून पाण्याच्या भांड्यासोबत बंद डब्यात रात्रभर ठेवा. उलट बाजूने, १० टक्के पिठाचे सहा नमुने सिलिका जेलसोबत सुकवा. सकाळी दोन्ही मॉडेलला दाखवा.

डेटाप्रेमी
८० नमुन्यांवर पीएलएस म्हणजे जुनं झालं. न्यूरल नेटवर्क लावून बघा, अशा गोष्टी ते आपोआप शिकतं.

हळकुंड
लोलक, केलं. ओलावलेल्या शुद्ध सहापैकी सहा नमुन्यांना मॉडेल भेसळ म्हणालं. सुकवलेल्या पिठाच्या सहापैकी पाच नमुन्यांना शुद्ध म्हणालं.

म्हणजे इतके दिवस मी पीठ ओळखत नव्हते, पावसाळा ओळखत होते.

निवृत्त_विश्लेषक
ताई, आधी एक सांगतो: तुम्ही ओलाव्याची वही ठेवली होती, म्हणून हे एका दिवसात सापडलं. औषध कारखान्यांच्या गुणवत्ता विभागात मी २६ वर्षं काढली, त्यातली १४ एनआयआरवर. अशी चूक मी स्वतः गोळ्यांच्या बाबतीत केली आहे. तिथे पावसाळ्याऐवजी दोन वेगळ्या कंपन्यांचं स्टार्च होतं. तेव्हा मला कुणी जे सांगितलं नाही, ते आज तुम्हाला लिहितो. लांबेल, पण वाचा.

मिश्रणावर प्रकाश टाकला की परत येणाऱ्या प्रकाशात प्रत्येक घटकाचा वाटा मिसळलेला असतो. पातळ द्रावणात हा हिशेब सरळ बेरजेचा. बेअर यांनी १८५२ मध्ये तो मांडला: शोषण सांद्रतेच्या प्रमाणात, आणि दोन पदार्थ असतील तर दोघांच्या शोषणाची बेरीज. आता मिश्रणातून घटक वेगळे कसे काढायचे ते बिलाच्या हिशेबाने बघा. एका टेबलावर २ चहा आणि ३ वडे, दुसऱ्यावर ४ चहा आणि १ वडा. दोन बिलं मिळाली की चहा आणि वड्याचा भाव निघतो. पण दुसऱ्या टेबलावर ४ चहा आणि ६ वडे असतील, तर ते पहिल्याच बिलाची दुप्पट आहे. त्यातून नवं काहीच कळत नाही.

हळदीतच याचं उदाहरण आहे. कर्क्युमिनचं शोषण अल्कोहोलमध्ये ४२५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतं. मेटॅनिल यलो हा बंदी असलेला रंगही त्याच शेजारी शोषतो. म्हणूनच तो भेसळीला वापरतात, डोळ्याला दोन्ही सारखेच पिवळे. दोनच तरंगलांब्या घेऊन यांना वेगळं करायला गेलात तर दोन बिलं जवळजवळ एकसारखी निघतात, आणि मोजणीतली बारीकशी चूक उत्तरात कैकपट होऊन येते. त्यावर उपाय म्हणजे दोन ऐवजी शंभर-दोनशे बिलं घेणं, म्हणजे अख्खा वर्णपट वापरणं. संख्याशास्त्र इथून आत येतं.

एनआयआरमध्ये गुंता आणखी वाढतो. रेणूंतल्या बंधांची मूळ कंपनं मध्य अवरक्तात असतात. आपण ९०० ते १७०० मध्ये ऐकतो ते त्यांचे वरचे सूर, तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार उमटतो तसे. हे सूर क्षीण असतात, रुंद असतात आणि एकमेकांवर चढलेले असतात. पाण्यातला ओ-एच १४५० ला दिसतो, आणि स्टार्चमधले ओ-एचही त्याच परिसरात. पाण्याचा आवाज त्यात सगळ्यात मोठा. अमेरिकेच्या कृषी खात्यात कार्ल नॉरिस यांनी १९६० च्या दशकात हे तंत्र वर आणलं ते धान्यातला ओलावा मोजण्याच्या कामातूनच. तुमचं यंत्र पाणी आधी बघणार, पीठ नंतर.

आता पीसीए. पिअर्सन यांनी १९०१ मध्ये मांडलेली ही रीत एवढंच विचारते की या सगळ्या आलेखांमध्ये सर्वात मोठा फरक कुठल्या दिशेने आहे. तो फरक पिठाचा आहे की पाण्याचा की दळणाच्या जाडीचा, हे तिला माहीत नसतं. पीएलएस तुमचं लेबलही बघते, म्हणून ती जास्त हुशार वाटते. पण तुमच्या डेटात ‘पीठ आहे’ आणि ‘ओलावा जास्त आहे’ ही दोन लेबलं सगळीकडे जोडीनेच आली. पीएलएसने दोघांतलं सोपं ते उचललं. न्यूरल नेटवर्कही तेच उचलेल, कदाचित अधिक सफाईने. डेटाप्रेमी यांचा मुद्दा मला इथे पटत नाही. जी माहिती नमुन्यांतच नाही ती कुठलीही पद्धत बाहेरून आणू शकत नाही.

आणखी दोन भोकं मला दिसतात. एक, भेसळीचे सगळे ४० नमुने एकाच डब्यातल्या पुडीपासून केलेले. म्हणजे मॉडेल तो डबाही ओळखत असेल. दोन, ती ७२ पैकी ७२. एकाच नमुन्याचे तीन स्कॅन यादृच्छिकपणे वाटून टाकले, तर दोन शिकवण्यात आणि एक परीक्षेत जातो. मुलाला सोडवून दिलेलं गणितच पेपरात घातल्यासारखं आहे. वाटणी स्कॅनची करू नका, लॉटची करा. एक अख्खा लॉट बाहेर ठेवा, उरलेल्यांवर शिकवा, मग बाहेरच्याला विचारा. प्रत्येक लॉटची पाळी येऊ द्या. तो आकडा ७२ पैकी ७२ इतका देखणा नसेल, पण बचत गटाच्या पोत्यासमोर तोच टिकेल.

नमुने असे करा की ओलावा आणि पीठ यांची जोडी तुटेल. कोरडी शुद्ध, ओली शुद्ध, कोरडी भेसळ, ओली भेसळ, हे सगळं प्रत्येक लॉटमध्ये हवं. राजापुरी घ्या, सेलम घ्या, हिंगोलीकडची घ्या, वर्ध्याच्या वायगावची मिळाली तर सोडू नका. तांदळाचं पीठ एकाच गिरणीचं नको, आणि मक्याचंही घ्या. ओलावा मोजताना ओव्हन वापरत असाल तर थांबा: हळदीतलं सुगंधी तेलही त्यात उडतं आणि पाण्यात मोजलं जातं. मसाल्यांना टोल्युइनचं ऊर्ध्वपातन लागतं, डीन-स्टार्कच्या उपकरणात.

आलेखांवर एसएनव्ही लावा. प्रत्येक आलेखातून त्याचीच सरासरी वजा करायची आणि त्याच्याच प्रमाण विचलनाने भागायचं. १९८९ ची युक्ती आहे, जाड-बारीक दळणामुळे प्रकाश विखुरतो त्याचा परिणाम बराच खाली येतो. पाठोपाठ सॅवित्झ्की-गोले पद्धतीने पहिलं अवकलन, म्हणजे आलेखाचा जागोजागचा चढ-उतार. पण यांनी पाणी जात नाही. पाणी जातं ते वर सांगितलेल्या नमुन्यांच्या मांडणीने.

शेवटी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ‘शुद्ध की भेसळ’ विचारण्याआधी मॉडेलला विचारा, ‘असा नमुना तू पूर्वी पाहिला आहेस का?’ यासाठी महालनोबिस अंतर आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये, माणसांच्या शरीरमापांवर काम करताना घडवलेलं. उंची वाढली की हातही लांब असतो, म्हणून दोन्ही फरक सुटे मोजणं खोटं, हे त्यांनी हिशेबात घेतलं. शेजारशेजारच्या तरंगलांब्यांचं नातं असंच असतं. नवा नमुना तुमच्या पुंजक्यापासून या मापाने फार दूर पडला तर यंत्राने ‘माहीत नाही’ म्हणायचं. तुमच्या मॉडेलला हे म्हणायची सोयच ठेवली नव्हती. म्हणून ते ‘भेसळ’ म्हणालं.

वनस्पतीवाली_नांदेड
काकांच्या उत्तरावर थोडी भर. हळदीला स्वतःचा स्टार्च असतो, म्हणून आयोडीन टाकून निळं झालं तर काहीच कळत नाही. पण सूक्ष्मदर्शकात कळतं. हळद काहिलीत शिजवून वाळवलेली असते, त्यामुळे तिच्यातल्या स्टार्चच्या कणांची लापशी होऊन पिवळे गोळे झालेले दिसतात. वरून घातलेलं कच्चं तांदळाचं पीठ असेल तर बारीक, कोनदार, अख्खे कण वेगळे उठून दिसतात. ध्रुवीकृत प्रकाशात त्या कणांवर काळी फुली दिसते, लापशी झालेल्यावर नाही. आमच्याकडे बी.फार्म.च्या मुली पहिल्या वर्षात हे करतात. एका नमुन्याला दहा मिनिटं लागतात. यंत्राने बोट दाखवलं की दुसरी साक्ष म्हणून हे करा.

फक्त एक अडचण: न शिजवता काप करून वाळवलेली हळदही हल्ली बाजारात आहे. तिचे कण अख्खेच असतात. मात्र ते तांदळापेक्षा बरेच मोठे आणि चपटे असतात.

हळकुंड
हे कॉलेजात शिकले होते आणि विसरले. लॅबमध्ये सूक्ष्मदर्शक धूळ खात पडलाय.

काका, एक विचारायचं राहिलं. मालकांना वाटतं, याच यंत्रावर मेटॅनिल यलो आणि लेड क्रोमेटही (शिशाचा पिवळा रंग) दिसेल. विकणाऱ्याने तसं सांगितलं होतं.

निवृत्त_विश्लेषक
लेड क्रोमेट दिसणार नाही. एनआयआरमध्ये जे दिसतं ते हायड्रोजन असलेल्या बंधांचं. लेड क्रोमेटमध्ये शिसं, क्रोमियम आणि ऑक्सिजन आहे, हायड्रोजन नाहीच. त्याला एक्स-रे फ्लुओरेसन्स हवं, ते मूलद्रव्यच ओळखतं. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं. तिथे हातात धरायचं हेच एक्स-रे यंत्र घेऊन अधिकारी घाऊक बाजारात उतरले, जागच्या जागी तपासणी आणि दंड झाला, सोबत लोकांना सांगणंही चाललं. २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आलं. योग्य प्रकाश योग्य ठिकाणी नेला की केवढं होतं बघा. गरोदर बाया आणि लहान मुलं तीच हळद खातात, हे वाचताना मी बराच वेळ थांबलो होतो.

मेटॅनिल यलो सेंद्रिय आहे, पण रंगासाठी घालतात ते इतकं थोडं की तुमच्या यंत्राला पुडीच्या ढिगात ते लागणार नाही. रामन वर्णपटात (लेसर टाकल्यावर विखुरणाऱ्या प्रकाशाच्या) त्याच्या रेषा धारदार येतात. पण तिथेही हळद स्वतःच चमकते आणि त्या चमकेत रेषा बुडतात, म्हणून लेसर १०६४ नॅनोमीटरचा घ्यावा लागतो. तशा यंत्रावरही एक टक्क्याच्या खाली हात आखडतो. रोजच्या कामाला पातळ थरावरचं वर्णलेखन करा. निदान हायड्रोक्लोरिक आम्लाची चाचणी तरी: गुलाबी रंग येतो, पाणी घालून गेला तर हळदीचा, टिकला तर मेटॅनिल यलोचा.

मालकांना हे लेखी द्या. तोंडी दिलेलं विसरलं जातं.

हळकुंड
सहा आठवड्यांनी लिहिते आहे. उशीर झाला, पण काम करूनच लिहायचं ठरवलं होतं.

आठ लॉट गोळा केले: राजापुरी तीन, सेलम दोन, हिंगोलीच्या बाजूचे दोन आणि वायगावचा एक. प्रत्येकाचे ओलाव्याचे तीन टप्पे, साधारण ७, ९ आणि ११ टक्के. प्रत्येक टप्प्यावर पीठ ०, ५, १० आणि २० टक्के, अर्ध्या लॉटना तांदळाचं, अर्ध्यांना मक्याचं. ९६ नमुने. डीन-स्टार्कचं काचेचं उपकरण कॉलेजच्या मॅडमनी वापरायला दिलं. ११ टक्के ओलाव्याचे नमुने दोन दिवसांत बुरशीला येतात हे कळलं, म्हणून ते त्याच दिवशी स्कॅन करावे लागले.

एक लॉट बाहेर ठेवून केलेल्या तपासणीत पिठाच्या अंदाजातली चूक साधारण २.६ टक्के येते. म्हणजे २० टक्के पीठ ते सोडत नाही, १० टक्के बहुतेक वेळा धरतं, आणि ५ टक्क्यांबद्दल मी या यंत्रावर कुणालाही काही सांगू शकत नाही. वायगावचा लॉट बाहेर ठेवला तेव्हा तो महालनोबिस अंतराने लांब पडला आणि मॉडेल ‘माहीत नाही’ म्हणालं. पहिल्यांदा तसं उत्तर आलं तेव्हा फार बरं वाटलं.

अहवालाचा कागद बदलून घेतला. त्यावर आता ‘भेसळ’ हा शब्दच नाही. ‘स्वीकारा’ किंवा ‘पुढील तपासणी’, एवढंच. पुढची तपासणी म्हणजे सूक्ष्मदर्शक, मग बाहेरची लॅब, आणि तोवर माल आमच्या गोदामात राहतो, टेम्पो परत जात नाही. लेड क्रोमेटचं मालकांना लेखी दिलं आहे. महिन्याला काही नमुने एक्स-रे तपासणीला बाहेर पाठवायला ते तयार झाले.

बचत गटाकडे मी स्वतः गेले. माल १९ दिवस पडून होता आणि कर्जाचा एक हप्ता त्यांनी वर्गणी काढून भरला होता. माझ्या तपासणीची चूक होती, तुमच्या पुडीत काही नव्हतं, हे सगळ्यांसमोर सांगितलं. अध्यक्षबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘गावात नाव गेलं होतं आमचं, ते तेवढं सांगा आता.’ ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लॅबचा अहवाल आणि माझं पत्र लावून आले. मालकांनी दोनशे किलो ठरलेल्या भावाने उचलले आणि दोन्ही फेऱ्यांचं भाडं दिलं.

यंत्र सोबत नेलं होतं. त्यांना बघायचं होतं की हे आमच्या पुडीत काय बघतं. एकाच पुडीचे दोन ढीग केले, एकावर पाण्याचा हलका फवारा मारला आणि दोन्ही आलेख लॅपटॉपवर एकावर एक ठेवले. १४५० ला फुगवटा दिसला तशी एक मुलगी म्हणाली, ‘मग दळणाच्या दिवशी पाऊस होता का ते लिहून ठेवायला पाहिजे.’

आता दर दळणाची शंभर ग्रॅमची पिशवी त्या वेगळी बांधून पाठवणार आहेत. पहिली काल आली. तिच्यावर तारीख आहे, आणि खाली पेनाने ‘सकाळी ऊन, दुपारी भुरभुर’. काका, सोमवारी तिच्यापासून नववा लॉट सुरू करते. लॅबमध्ये एसी नाही, आणि गार-गरम झालं की पाण्याचं ते टोकही थोडं सरकतं असं दिसतंय. त्याचं काय करायचं ते तेवढं सांगा.